दाराशी आलेल्या सोंगावरची बंदी उठविण्याबाबत

प्रति,
मा. श्री. मॉरिस डेव्हनी,
व्यापार सुरक्षा अधिकारी,
लॅम्प हार्बर नगर परिषद, न्यूफाउंडलंड.
(कार्यालयास कुलूप असल्याने राहत्या घरी, दाराखालून)

अर्जदार : लिअँडर बर्सी, 'बर्सी बंधू, किराणा व किरकोळ माल', खालचा धक्का.

विषय : कै. एफ्रेम बर्सी यांना शहरातील सर्व दुकानांत घातलेली प्रवेशबंदी मागे घेण्याबाबत. तसेच त्यांच्या चेहऱ्याविषयी लेखी उत्तर मिळण्याबाबत.

संदर्भ : १) दुकानांतील वारंवार होणाऱ्या चोऱ्या कमी करण्याचे नागरी धोरण. २) आपण स्वतः अर्जदाराच्या दुकानात बजावलेली नोटीस, दि. २८ डिसेंबर.

महोदय,

अर्जदार सविनय कळवितो की, आपण ज्यांच्यावर बंदीची नोटीस बजावली ते एफ्रेम बर्सी हे अर्जदाराचे थोरले बंधू असून ते पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी बुडून वारले आहेत. नोटीस बजावताना ही गोष्ट आपल्याला ठाऊक नव्हती. आता ती ठाऊक झाली असावी असे अर्जदारास वाटते, कारण त्या दिवसापासून आपण कार्यालयात आलेला नाहीत.

१. धोरणाविषयी अर्जदाराची तक्रार नाही, हे आधी नोंदवून घ्यावे. एकाच माणसाच्या नावावर तीन चोऱ्या लागल्या की सगळ्या दुकानांत त्याला बंदी, दारावर त्याचा फोटो, आणि बंदी उठवून घ्यायची तर त्याने उघड्या तोंडाने स्वतः हजर व्हायचे, हे नियम चांगलेच आहेत. लेव्हाय पिन्सेंटच्या बाबतीत त्यांचा गुणही आला. लेव्हाय वर्षानुवर्षे टोपीखाली खारवलेल्या मांसाचा डबा घालून नेत असे आणि निघताना हवापाण्याच्या चार गोष्टी बोलल्याशिवाय जात नसे. टोपी डोक्यावर चौकोनी दिसायची. विचारले तर म्हणायचा, "थंडीनं डोकं सुजलंय रे." आता त्याचा फोटो दारावर आहे. तो उंबरठ्याबाहेर उभा राहतो आणि मान तेवढी आत घालतो. अर्जदाराने हटकले तर म्हणाला, "मान आत आहे, लिअँडर. हात बाहेर आहेत. चोरी हातानं होते." याबाबत धोरणात काही तरतूद सापडली नाही, म्हणून अर्जदार त्याला बोलू देतो.

२. अर्जदाराची गावात थापाड्या म्हणून ख्याती आहे, हेही लपविण्यात अर्थ नाही. आपल्यालाही कोणी ना कोणी सांगितलेच असेल. एका धुक्यात अर्जदाराला होडी बांधायला खांब सापडेना, तेव्हा त्याने धुक्यालाच गाठ मारली आणि दुपारी धुके विरल्यावर होडी छपरावरून उतरवून घ्यावी लागली, ही हकीकत त्याने स्वतःच पसरवली आहे. माशांच्या बाबतीत तर बोलायलाच नको. परंतु या अर्जात एक गोष्ट अशी आहे की तिचे साक्षीदार आपण स्वतः आहात. तेव्हा बाकी सगळे खोटे धरले तरी चालेल, तेवढी एक खोटी धरता येणार नाही.

३. आपण मुख्य भूमीवरून येथे येऊन वर्षही झालेले नाही, म्हणून इथली रीत थोडक्यात मांडणे भाग आहे. नाताळापासून सहा जानेवारीपर्यंतच्या दिवसांत येथे सोंगं निघतात. बायका पुरुषांचे कोट चढवतात, पुरुष बायकांचे घागरे नेसतात, पाठीवर उशी बांधून कुबड काढतात आणि तोंडावर खिडकीच्या जाळीदार पडद्याचा तुकडा घेतात. आवाज ओळखू येऊ नये म्हणून श्वास आत ओढत बोलतात. दाराशी येऊन विचारायचे, "सोंगाला आत घेणार का?" घरच्यांनी आत घ्यायचे आणि नावे ओळखायची. नाव चुकले तर सोंग नाचते, खिदळते आणि जाते. ओळख न पटलेल्या सोंगाला काही द्यायचे नसते. नाव बरोबर निघाले की मात्र त्याने पडदा वर करायचा, आणि ज्याने नाव घेतले त्याने त्याला बसवून केक आणि रम द्यायची. नाव घेणाऱ्यावर ते देणे लागू होते. त्यात सुटका नाही. पडदा वर होऊन हे देणे एकदा फिटले की त्या नाताळात ते सोंग पुन्हा निघत नाही.

४. एफ्रेमदादा असाच सोंग घेऊन निघाला होता. लग्नाला वर्षही झाले नव्हते. वहिनींनी, म्हणजे त्याच्या पत्नी श्रीमती ट्रायफिना बर्सी यांनी, आपल्या खिडकीचा पडदा कापून त्याच्या तोंडावर बांधला. बंदराच्या पलीकडे वहिनींचे माहेर. तिथल्या मंडळींना चकवायचे म्हणून तो एकटाच होडी घेऊन निघाला. हातमोजे गल्ल्यावर राहिले. वहिनींनी दारातून हाक मारली, "अहो, हात गोठतील." तो वळला नाही. श्वास आत ओढत, सोंगाच्याच आवाजात म्हणाला, "कोण हात? कुणाचे हात? मी तुमचा कोणी नाही, बाई." वहिनी हसल्या. वारा फिरायला बंदराच्या मध्यापर्यंतचासुद्धा वेळ लागला नाही. होडी सापडली, तो नाही.

५. पुढच्या नाताळात, दिवे लागणीला, दुकानाच्या दाराशी सोंग आले. दर्यावरचा जाड कोट, तोंडावर पडदा. "सोंगाला आत घेणार का?" अर्जदाराने घेतले. बाकीची सोंगं श्वास आत ओढत दोन शब्द बोलतात आणि मग दम लागून कोपऱ्यात जाऊन फुसफुसतात. या सोंगाने श्वास आत घेतला, तो पुन्हा बाहेर सोडलाच नाही. जिथे उभे होते तिथे पाणी साचले. अर्जदाराने बोट लावून जिभेवर टेकवले. खारट होते. वहिनी शेकोटीजवळ पाठ करून विणत बसल्या होत्या. त्यांनी मागे पाहिले नाही, पण सुया थांबल्या.

त्या वेळी दुकानात असलेल्या प्रत्येकाला नाव ठाऊक होते. कोणी घेतले नाही. घेतले असते तर पडदा वर करावा लागला असता, आणि पडद्याखाली काय असेल ते बघायची कोणाची तयारी नव्हती. शिवाय वर झाला तर तो पुन्हा येईल याची खात्री नव्हती. म्हणून एक जण म्हणाला, "तू पाद्री ना रे?" दुसरा म्हणाला, "छे, ही तर डाकघरातली बाई." सोंगाने मान हलवली. जाता जाता फळीवरचे हातमोजे उचलले आणि गेले. तेव्हापासून दर नाताळात हेच चालत आले. सगळे गाव मुद्दाम चुकीची नावे घेते. खोटे बोलण्यात हे गाव अर्जदाराच्या तोडीस तोड आहे, ते याच एका बाबतीत.

६. या कृत्यास चोरी म्हणता येईल का, याचा आपण कायद्याच्या अंगाने विचार करावा. हातमोजे वहिनी स्वतः विणतात. ते विकायला नसतात. लेव्हायने एकदा हात लावला तेव्हा वहिनींनी त्याच्या बोटावर सुई मारली होती. ओळख न पटलेल्या सोंगाला देता येत नाही, म्हणून तो घेतो. दुसरा उपाय त्याला नाही. आणि तो ते ठेवूनही घेत नाही. बर्फ फुटले की भरतीच्या रेषेवर शेवाळात गुंतलेले तेच मोजे सापडतात. तळवे झिजून जाळी झालेली असते, जशी दोर ओढून ओढून होते. वहिनी ते गोड्या पाण्यात धुतात, उसवतात आणि त्याच लोकरीत थोडी नवी घालून पुन्हा विणतात. जो माल दर वर्षी परत येतो तो चोरीचा कसा, हे अर्जदाराच्या बुद्धीबाहेरचे आहे.

७. परंतु नगर परिषदेने गल्ल्यावर लावलेला कॅमेरा हा विचार करीत नाही. पैसे न देता वस्तू दाराबाहेर गेली की तो आपोआप आपल्या कार्यालयाला कळवितो. गेल्या दोन नाताळांत त्याने दोनदा कळविले. यंदा नाताळच्याच दिवशी तिसऱ्यांदा. शिवाय जी वस्तू वारंवार चोरीस जाते ती कुलपाच्या काचेच्या कपाटात ठेवावी, असा आपला आदेश आल्याने अर्जदाराने वहिनींचा दुसरा विणलेला जोड कपाटात ठेवून कुलूप लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी काचेवर दोन तळव्यांचे ठसे होते. ओले, उघड्या हातांचे. बाहेरून नव्हे, कपाटाच्या आतल्या बाजूने. वहिनींनी ते एप्रनने पुसायला घेतले आणि मध्येच थांबल्या. त्यांनी आपला तळवा काचेवर टेकवला आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. अर्जदार मागच्या खोलीत निघून गेला.

८. आता २८ तारखेविषयी. आपण आदल्या दिवशी गल्ल्यामागच्या भिंतीवरचा जुना फोटो न्याहाळला आणि कॅमेऱ्यातल्या चित्रातला कोट तोच आहे हे हेरलेत. हुशारी आपली. बाहेर लेव्हाय उभा होता. आपण विचारलेत, "फोटोतला हा कोण?" लेव्हायला वाटले, आपण नुसत्या फोटोविषयी विचारता आहात, चोराविषयी नव्हे. तो म्हणाला, "तो? तो एफ्रेम. लिअँडरचा भाऊ." पुढचे वाक्य ऐकायला आपण थांबला नाहीत.

२८ ला आपण नोटीस घेऊन आलात तेव्हा दिवे लागत होते. सोंग आधीच आत होते. अर्जदाराने आपल्याला डोळ्यांनी खुणावले, ते आपल्या लक्षात आले नाही. लेव्हायने दारातून मान घालून सांगितले, "साहेब, नाव तेवढं घेऊ नका हो. बाकी कायपण करा, मला पकडून न्या." आपण म्हणालात, "तुझी मान बाहेर काढ." आणि मग कागद समोर धरून, सरकारी कामात जशी स्वच्छ हाक मारायची असते तशी मारलीत. "एफ्रेम बर्सी, आपल्याला कळविण्यात येते की..."

त्यानंतर दुकानातल्या प्रत्येकाने भिंतीकडे तोंड केले. लेव्हायने बाहेर बर्फाकडे तोंड केले. वहिनी आधीपासून पाठमोऱ्याच होत्या. पडदा वर झाल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. गोठलेले कापड सुटताना होतो तसा. मग आपल्या हातातला कागद खाली पडल्याचा आवाज. आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने श्वास बाहेर सोडला. फार लांब होता तो. शेकोटी विझली. महोदय, त्याला समोरून पाहणारे आपण एकटे.

९. आपण रजेवर आहात अशी पाटी कार्यालयावर आहे. आपण घरातले पडदे ओढून घेतलेत आणि दार कोणालाच उघडत नाही, हेही गावाला कळले आहे. रोज दिवे लागताना आपल्या दाराशी कोणीतरी येऊन विचारते, हेही. वरच्या रस्त्यावरचे लोक खिडकीतून बघतात. आपल्या पायरीवर खारे पाणी गोठते. अर्जदार आपल्याला मनापासून सांगतो की, यात सूडबुद्धी मुळीच नाही. एफ्रेमदादा जिवंतपणीही कोणाच्या वाटेला गेला नव्हता. आपण त्याचे नाव घेतलेत, त्याने पडदा वर केला. आता तो आपल्याकडे केकसाठी येतो आहे. बंदी दुकानांत आहे, घरांत नाही. धोरण त्याला कळते, असे दिसते.

१०. अर्जाचे खरे कारण पुढे आहे.

त्या संध्याकाळी शेकोटी पुन्हा पेटवल्यावर वहिनींनी विचारले, "भावजी, कसे दिसत होते?"

अर्जदार म्हणाला, "मी भिंतीकडे तोंड करून होतो, वहिनी."

"खरं?"

"अगदी खरं."

त्यांनी विश्वास ठेवला. अर्जदाराच्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवल्याचा हा पहिलाच प्रसंग. मग म्हणाल्या, "मला एवढंच कळायला हवं, की ते तसेच आहेत का. तेव्हासारखे. तसे असतील तर मी घरात बसेन. माझं हे तोंड त्यांना नको दिसायला. लक्षात आहे ती राहू दे. पण माझ्याबरोबर तेही म्हातारे होत गेले असतील, भावजी, तर मग मला जायला हवं. एवढी वर्षं दोघांनी दोन ठिकाणी काढली, आता कशाला?"

अर्जदार म्हणाला, "कुठं जायला हवं?"

त्या म्हणाल्या, "ज्या दाराशी ते उभे असतात तिथं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खोलीतल्या खिडकीचा पडदा उतरवला. एफ्रेमदादाच्या तोंडावर बांधलेला तुकडा ज्यातून कापला, त्याच पडद्याचा तो उरलेला अर्धा आहे; एवढी वर्षे तो त्यांनी खिडकीवरच ठेवला होता. त्याला नाड्या लावून झाल्या आहेत. सहा तारखेला, सोंगांच्या शेवटच्या संध्याकाळी, त्या तोंडावर पडदा घेऊन आपल्या पायरीवर येणार आहेत आणि त्याच्या शेजारी उभ्या राहणार आहेत. त्याने त्यांचे नाव ओळखावे अशी त्यांची इच्छा आहे. वहिनींचे वय ऐंशीच्या पुढे आहे. छातीत घरघर आहे. वरच्या रस्त्याची चढण आपण जाणताच. आणि नाव घेतले गेले, पडदा वर झाला, की ज्याने नाव घेतले त्याच्याकडे जाऊन बसायचे, ही इथली रीत अर्जदाराने वर सांगितली आहे. अर्जदाराने नव्वद प्रकारे समजावले. त्या म्हणाल्या, "तुमच्या थापा पुरे झाल्या, भावजी. त्या साहेबांनी लिहून दिलं तर मानेन. ते सरकारी माणूस आहेत, त्यांना थापा मारता येत नाहीत."

म्हणून विनंती अशी :

(अ) आपण सहा तारखेच्या आत एकदा दार उघडून एफ्रेमदादाला केकचा तुकडा आणि घोटभर रम द्यावी. केक सोबत जोडला आहे. आत बसवणे जमले नाही तर उंबरठ्यावर ठेवला तरी चालेल. लेव्हायसाठी जी सवलत आहे तीच लागू करावी. डोळे मिटून दिलेत तरी हरकत नाही. देणे फिटले की तो आपल्या पायरीवरून जाईल, आणि मग तिथे वहिनींना येण्याचे कारण उरणार नाही.

(आ) त्याच्यावरची बंदी रद्द करावी, जेणेकरून पुढच्या नाताळात तो दुकानात येऊ शकेल. उघड्या तोंडाने स्वतः हजर होण्याची अट त्याने २८ तारखेस, खुद्द आपल्यासमोर, पूर्ण केलेली आहे. कपाटाची किल्ली अर्जदाराने बंदरात टाकली असून कुलूप उघडेच आहे. त्याबद्दलचा दंड तो भरील.

(इ) वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर आपण आपल्या कार्यालयाच्या कागदावर, सही-शिक्क्यानिशी द्यावे. "चेहरा तरुण होता, मरणसमयी होता तसाच," एवढे एक वाक्य पुरे.

११. आपण म्हणाल, जे पाहिले ते लिहीन, जे पाहिले नाही ते लिहिता येणार नाही. म्हणून अर्जदार सांगून टाकतो. त्याचे तोंड भिंतीकडे होते हे खरे. परंतु भिंतीला लागून आपल्या आदेशाने ठेवलेले ते काचेचे कपाट होते, आणि अर्जदाराच्या नाकासमोर काच होती.

पडदा वर झाला तेव्हा अर्जदाराला वाटले, काचेत स्वतःचेच तोंड दिसते आहे. तीच पांढरी दाढी, तोच खाली ओघळलेला डावा डोळा, आईकडून आलेला. मग त्या तोंडाने ओठ हलवले आणि अर्जदाराचे ओठ तर मिटलेले होते. एफ्रेमदादा आपल्याकडे बघत नव्हता, महोदय. आपल्याला तसे वाटले असेल, पण नव्हता. तो आपल्या खांद्यावरून शेकोटीकडे बघत होता, जिथे एक पाठमोरी बाई विणत बसली होती. आणि तिचे केस किती पिकले आहेत हे बघून त्याला काहीच आश्चर्य वाटलेले नव्हते.

ही गोष्ट अर्जदाराने वहिनींना सांगितलेली नाही, आणि आपणही सांगू नये. दुकानावर 'बंधू' लिहिलेले आहे. त्यातला एक पूर्वीच गेला. वहिनी गेल्यावर सुयांचा आवाज राहणार नाही, आणि दर नाताळात दाराशी येणारेही कोणी राहणार नाही. मग 'सोंगाला आत घेणार का' असे कोणी विचारले तर ते दुसरे कोणी तरी जिवंत माणूस असेल, आणि अर्जदाराला त्याचे नाव सहज ओळखता येईल. त्यात काय राम.

अर्जदाराने आयुष्यभर मारलेल्या थापा कोणी मागितल्या नव्हत्या. ही एक तो आपल्याकडे मागतो आहे. आपल्या हातून ही पहिलीच असेल, तर सुरुवातीला जड जाईल. लिहिताना खिडकीबाहेर बघू नये, इतकाच अनुभवाचा सल्ला.

उत्तर दाराखालूनच बाहेर सरकवावे. अर्जदार पायरीच्या खाली, उजव्या हाताला उभा आहे. वर जो उभा आहे तो अर्जदार नव्हे. दोघांचे आवाज सारखे आहेत, तरी फरक सोपा आहे : अर्जदाराचा श्वास बाहेर येतो आहे, तो थंडीत आपल्याला दिसेल.

आपल्या पायरीखाली वाट बघत असलेला,

लिअँडर बर्सी
लॅम्प हार्बर, दि. ४ जानेवारी

सोबत :
१) फळांचा केक, कापडात बांधलेला; दाराखालून जात नसल्याने खिडकीच्या कठड्यावर ठेवला आहे. वहिनींच्या हातचा. कोणासाठी आहे हे त्यांना सांगितलेले नाही. त्यांनी विचारलेही नाही, फक्त बेदाणे नेहमीपेक्षा जास्त घातले.
२) हातमोज्यांचा एक जोड, मागच्या वसंतातला, तळवे झिजलेले. पाहून परत करावा; उसवायचा आहे.
३) बंदीची मूळ नोटीस. ती दुकानात पडली तेव्हापासून वाळलेली नाही.